चांगला सबवूफर: पेटी, खोली आणि शेजारी

या मालिकेत आपण रोजच्या वापरातली एखादी वस्तू घेतो आणि तिच्याबद्दल बोलताना जे शब्द सहज तोंडात येतात ते जरा थांबून तपासतो. आजची वस्तू आहे सबवूफर, आणि शब्द आहे ‘चांगला’.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. घरात होम थिएटर आहे: टीव्ही, पाच स्पीकर, कोपऱ्यात एक सबवूफर. काही वर्षं गेली. आता वाटायला लागतं की सिनेमातला स्फोट नुसता ‘धप्’ होतो, त्यात दम नाही. किंवा उलट, तबल्याच्या डग्ग्यावरची प्रत्येक थाप एकसारखीच घुमते. मग आपण ठरवतो, आता चांगला सबवूफर घ्यायचा. दुकानात गेलो की ‘चांगला’ या शब्दाचं लगेच भाषांतर होतं: मोठा. आठ इंचीच्या जागी बारा इंची, शंभर वॉटच्या जागी पाचशे वॉट. रक्कम काही लहान नसते. आणि पुष्कळदा असं होतं की पंधरा दिवस घर हादरतं, कौतुक होतं, आणि सोळाव्या दिवशी लक्षात येतं की तक्रार होती तीच आहे, फक्त जास्त मोठ्या आवाजात.

हे का होतं ते समजून घ्यायचंय. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. चांगला बास हा पेटीचा गुण नाही. पेटी, खोली, ऐकणारा आणि भिंतीपलीकडचा शेजारी अशा चौघांमधला तो संबंध आहे. चौघांपैकी एकालाच बदललं तर संबंध सुधारेलच असं नाही. हे घरात खरं आहे आणि ध्वनिशास्त्रातही.

सबवूफर नेमकं काय करतो

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. सबवूफरकडे त्यातला तळाचा पट्टा असतो, ढोबळमानाने २० ते ८० हर्ट्झ, फार तर १२० पर्यंत. गायकांच्या भाषेत सांगायचं तर खर्जाच्याही खालचा प्रदेश. ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतो आपण, त्यातला ‘पॉइंट वन’ म्हणजे सिनेमावाल्यांनी याच पट्ट्यासाठी राखून ठेवलेला वेगळा मार्ग. त्याची वरची मर्यादा १२० हर्ट्झ असते, म्हणून त्याला पूर्ण एक न म्हणता दशांश म्हणतात.

सिनेमातल्या या हादऱ्याचा एक प्रसिद्ध टप्पा १९७४ सालचा. ‘अर्थक्वेक’ नावाच्या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी युनिव्हर्सलने ‘सेन्सराउंड’ नावाची पद्धत आणली. थिएटरात अवाढव्य स्पीकर ठेवायचे आणि भूकंपाच्या प्रसंगी प्रेक्षकाला खुर्चीतच थरथर जाणवू द्यायची. म्हणजे बघा, अगदी तेव्हापासून हा आवाज कानाइतकाच अंगासाठीही आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तरंगलांबी. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला हर्ट्झने भागलं की लाटेची लांबी मिळते. ३००० हर्ट्झची लाट साधारण ११ सेंटिमीटर, आपल्या तळहाताच्या रुंदीहून थोडी जास्त. ८० हर्ट्झची सव्वाचार मीटर. आणि २० हर्ट्झची तब्बल १७ मीटर! तुमची बैठकीची खोली साडेचार मीटर आणि लाट सतरा मीटर. पाहुणा घरापेक्षा मोठा. सबवूफरची बहुतेक सगळी भानगड या एका आकड्यातून निघते.

आपल्याकडच्या न्याय-वैशेषिकांनी ध्वनी कसा पसरतो यावर दोन दृष्टान्त दिले आहेत. एक वीचीतरंगन्याय, म्हणजे पाण्यात दगड टाकल्यावर एकामागून एक लाट उठावी तसा. दुसरा कदंबगोलकन्याय, म्हणजे कदंबाच्या कळीतून एकाच वेळी सगळ्या दिशांना केसर फुटावेत तसा. हे त्यांनी सबवूफर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं नव्हतं हे उघड आहे. पण बासची वागणूक समजायला कदंबाचं फूल फार उपयोगी पडतं. बारीक, वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात. खालचे सूर पेटीचं तोंड कुठेही असो, पुढे-मागे, वर-खाली, सगळीकडे फुलतात. म्हणूनच ८० हर्ट्झच्या खाली आवाज कोणत्या बाजूने येतो हे कानाला नीट कळत नाही, आणि म्हणूनच रिसीव्हरमध्ये स्पीकर आणि सबवूफर यांची वाटणी बहुधा ८० हर्ट्झवर करतात. सबवूफर टीव्हीशेजारीच हवा असं बंधन नाही, ते यामुळेच.

कानाची गंमत

१९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट मोजून दाखवली: सगळे सूर कानाला सारख्याच जोराचे वाटत नाहीत. १००० हर्ट्झचा सूर जवळजवळ शून्य डेसिबललाच ऐकू यायला लागतो. २० हर्ट्झचा सूर नुसता ‘आहे’ एवढं कळायलाही ७५ ते ८० डेसिबल लागतात. पण एकदा हा उंबरठा ओलांडला की मग तो झपाट्याने मोठा वाटायला लागतो.

याचे दोन व्यावहारिक अर्थ. पहिला, रात्री आवाज कमी केला की बास सगळ्यांत आधी नाहीसा होतो. तो दोष सबवूफरचा नाही, तुमच्या-आमच्या कानाचा आहे. नवी पेटी आणून तो जात नाही. दुसरा, सबवूफरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवली तरी फरक पुष्कळ वाटतो. म्हणून बटण हलकेच फिरवावं.

आणखी एक गंमत. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर मात्र १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे मूळ सूर तारेतून येतच नव्हता. तरीही वडिलांचा आवाज वडिलांसारखाच भारदस्त ऐकू यायचा. कसं काय? मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर कानापर्यंत पोचतात आणि गाळलेला पाया मेंदू आपला आपण भरून काढतो. लहानशा रेडिओवरही आपल्याला डग्गा ‘ऐकू’ येतो तो असाच.

इथे तत्त्वज्ञानाचा माणूस कान टवकारतो. पाया ऐकू येतच असेल तर सबवूफर हवा कशाला? उत्तर असं की मेंदू स्वर पुरवतो, स्पर्श पुरवत नाही. छातीवर येणारा दाब, सोफ्याची थरथर, हवा जड झाल्याची जाणीव, या गोष्टी अनुमानाने मिळत नाहीत. त्यांना प्रत्यक्षच लागतं. सबवूफर घेताना आपण मुख्यतः हे प्रत्यक्ष विकत घेतो. म्हणून आधी स्वतःला विचारा: आपल्याला काय कमी पडतंय, स्पर्श की स्पष्टपणा? स्पर्श कमी पडत असेल तर कदाचित मोठी पेटी लागेल. स्पष्टपणा कमी असेल तर ती बहुधा लागणार नाही.

पेटीचं गणित

आता पेटीकडे वळू. सबवूफरचा पडदा हवा ढकलतो. तेवढाच जोर ठेवून सूर निम्म्यावर आणायचा, म्हणजे ४० हर्ट्झवरून २० वर, तर हवा चौपट ढकलावी लागते. चौपट! आठ इंचीवरून बारा इंचीवर गेलो तर पडद्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. म्हणजे पडद्याची पुढे-मागे हालचाल तेवढीच धरली, तर आधी ३६ हर्ट्झला जेवढा जोर मिळत होता तेवढा आता २४ हर्ट्झला मिळेल. फायदा आहे, नाही असं नाही. पण पूर्ण एक सप्तकही आपण खाली उतरलो नाही. म्हणून नुसते इंच विचारू नका, पडदा किती लांब हलतो तेही विचारा.

अभियंत्यांमध्ये ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ प्रसिद्ध आहे. लहान पेटी, खोलवर जाणारा बास, आणि कमी विजेत जास्त आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एकावेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते. त्यामुळे ‘लहान, खोल आणि जोरदार’ असं तिन्ही एकदम सांगणारी जाहिरात दिसली की ही किंमत कुठे वसूल केली आहे ते शोधावं. बहुधा उत्तर मिळतं ते शक्तिशाली अॅम्प्लिफायरमध्ये आणि बिलाच्या आकड्यात.

वॉटचंही तसंच. आपल्या बाजारात एकेकाळी ‘पीएमपीओ’ नावाने हजारो वॉट छापायची पद्धत होती. तो क्षणभराचा, कल्पनेतला आकडा. पाहायचा असतो तो सतत देता येणारा, ‘आरएमएस’ वॉट. आणि तोही दुप्पट झाला की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट.

पेट्यांचे दोन मुख्य प्रकार. एक सील्ड, म्हणजे पूर्ण बंद. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली एआर-१ नावाचा स्पीकर आणला. बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून त्यांनी लहान पेटीतून खोल बास काढून दाखवला. दुसरा पोर्टेड, म्हणजे पेटीला नळी किंवा भोक असलेला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठराविक सुरात घुमते, तेच तत्त्व. त्या सुराच्या आसपास पोर्टेड पेटी जास्त जोर देते. पण त्याच्या खाली तिचा आवाज प्रत्येक सप्तकाला सुमारे २४ डेसिबलने कोसळतो. बंद पेटीचा १२ डेसिबलने, म्हणजे सावकाश उतरतो. लहान, घट्ट बंद होणाऱ्या खोलीत ही उतरण काही प्रमाणात खोलीच भरून काढते. मोठ्या हॉलमध्ये भरपूर जोर हवा असेल तर पोर्टेड, लहान खोलीत आटोपशीर बास हवा असेल तर सील्ड, असा ढोबळ हिशेब आहे.

खोली: न दिसणारं वाद्य

आता मुख्य मुद्दा. सबवूफरचे परदेशी परीक्षणलेख आपण वाचतो. तिकडची पुष्कळ घरं लाकडी सांगाड्याची, आतून जिप्समच्या पातळ भिंतींची. त्या भिंती स्वतः थोड्या हलतात आणि खालचे सूर थोडे गिळतात. आपल्याकडे आरसीसीचा स्लॅब, विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, खाली फरशी. भिंत हलत नाही, म्हणून लाट परत येते. तोच सबवूफर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वेगळा वाजतो तो यामुळे.

परत आलेली लाट आणि नवी लाट एकमेकींत मिसळतात. काही सुरांना त्या जागच्या जागी उभ्या राहतात. कोणते सूर? ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. समजा खोली १५ फूट लांब, १२ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. लांबीचा सूर येतो ३७-३८ हर्ट्झ, रुंदीचा ४७, उंचीचा ५९. खोलीला लागून मोकळं डायनिंग असेल तर आकडे बदलतील, पण तत्त्व तेच. हे तीन सूर म्हणजे तुमच्या खोलीने आधीच लावून ठेवलेल्या तीन तारा. सिनेमात काहीही वाजो, त्या झणकारतात आणि थांबायला वेळ घेतात.

आपण ज्याला ‘घुमतंय’ म्हणतो ते हेच. आणि या उभ्या लाटेचा जोर भिंतीपाशी सर्वांत जास्त, बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. आपल्याकडे सोफा कुठे असतो? मागच्या भिंतीला टेकून! म्हणजे घुमण्याच्या नेमक्या जागी. खोलीच्या मध्यावर खुर्ची ठेवली तर तोच सूर गायब. एकाच घरात वडील म्हणतात बास फार आहे, मुलगा म्हणतो बासच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. उंचवटा कमी करता येतो. रिसीव्हरबरोबर येणारा माइक लावून तो विशिष्ट सूर खाली आणता येतो. पण लाटा एकमेकींना खोडतात तो खड्डा वीज वाढवून भरत नाही. जेवढा जोर वाढवाल तेवढीच खोडणारी लाटही वाढते. बारा इंची आणा, पंधरा इंची आणा, त्या खुर्चीत तो सूर येणार नाही. पैसा खड्ड्यात घालणं म्हणतात ते इथे शब्दशः खरं ठरतं.

उपाय आहे, आणि फुकट आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवा. चढउताराचा बास असलेला ओळखीचा तुकडा लावा. मग भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा, डोकं सबवूफरच्या उंचीला. जिथे बास सर्वांत सम आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा. ऐकणारा आणि वाजवणारा यांची अदलाबदल केली तरी हवेतला संबंध तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी नातवंडांना कामाला लावावं. परीक्षेसाठी तबल्याचं एकलवादन उत्तम. वादक मनगट दाबून सरकवत डग्ग्याचा सूर वर-खाली नेतो, तो प्रवास अखंड ऐकू आला पाहिजे. मध्येच एक सूर फुगला किंवा एक गिळला गेला, तर तो खोलीचा दोष आहे असं समजा.

जागा ठरल्यावर फेजचं बटण. सोफ्यावर बसा, दुसऱ्याला ते शून्यावरून १८० वर फिरवायला सांगा. ८० हर्ट्झच्या आसपासचा बास ज्या स्थितीत भरदार वाटतो ती बरोबर, कारण तिथे स्पीकर आणि सबवूफर एकमेकांना साथ देतात.

इतकं करूनही एका खुर्चीत चांगलं आणि दुसरीत वाईट असेल, तर मोठ्या पेटीपेक्षा दुसरी पेटी बरी. हर्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली हाच प्रश्न अभ्यासला: आयताकृती खोलीत किती सबवूफर पुरेत? समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर बसणाऱ्या सगळ्यांसाठी बास बराच सारखा करतात, आणि चारच्या पुढे जाण्यात व्यवहारात फारसा लाभ नाही, असं त्यातून दिसलं. एक पेटी जी तार छेडते ती दुसरी दाबते, असं त्याचं साधं रूप. दोन मध्यम सबवूफर एका प्रचंड सबवूफरपेक्षा चांगले ठरू शकतात ते यामुळे.

चौथा पक्ष

आता शेजारी. विषयाची गंमत इथे संपते आणि जबाबदारी सुरू होते. भिंत बारीक सूर अडवते, जाड सूर कमी अडवते. ढोबळ नियम असा की सूर निम्म्यावर आला की भिंतीची अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून शेजारच्या घरात सिनेमातले संवाद जात नाहीत, गाणंही जात नाही, जातो फक्त हादरा. तुमच्याकडे ती कथा असते, त्यांच्याकडे अर्थ नसलेला ठोका. खाली कुणी आजारी असेल, कुणाचं तान्हं बाळ झोपलं असेल, तर हा ठोका किती छळतो हे वेगळं सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण हे डेसिबल ‘ए’ पद्धतीने मोजलेले असतात. ही पद्धत कानाच्या संवेदनेनुसार खालचे सूर वजा करते: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल, ३१.५ हर्ट्झला सुमारे ३९. म्हणजे खालच्या मजल्यावर ३१.५ हर्ट्झचा ८० डेसिबल हादरा पोचत असला तरी मीटर त्याचे ४१ च मोजेल. कागदावर आपण निर्दोष, आणि शेजाऱ्याच्या उशीखाली स्लॅब थरथरतोय. नियम पाळला म्हणून त्रास दिला नाही, असं इथे म्हणता येत नाही. नीती आणि नियम यांतलं अंतर समजावून सांगायला आम्हाला वर्गात इतकं सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळालं.

सबवूफरच्या पायाखालचं रबर किंवा फोम जमिनीत थेट जाणारा कंप थोडा कमी करतं. हवेतून स्लॅबला धडकणारी लाट त्याने थांबत नाही. मग करायचं काय? रात्री रिसीव्हरमधला नाइट मोड लावावा, त्याने मोठे आवाज दबतात. स्पर्शाचीच हौस असेल तर सोफ्याला बसवायचा ‘बास शेकर’ मिळतो. तो हवा फारशी न हलवता बैठकच हलवतो, म्हणून शेजाऱ्यापर्यंत कमी पोचतो. फक्त सोफ्याच्या पायांखाली रबर हवं. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नवा सबवूफर लावल्यावर खालच्या घरी जाऊन स्वतः ऐकणं. चहा पिता पिता पाच मिनिटांत कळतं.

तर क्रम असा धरावा. आधी जागा बदला, मग पातळी आणि फेज, मग माइक लावून मोजमाप. त्यानंतरही पडदा खडखडत असेल, जोराच्या प्रसंगी आवाज फाटत असेल, किंवा तळाचे सूर खोलीत कुठेच मिळत नसतील, तर पेटीची ताकद खरोखर कमी आहे. तेव्हा नवा जरूर घ्या, मनमोकळेपणाने घ्या, हौसेला मोल असतं. आधीचा चांगला चालत असेल तर तो लगेच विकू नका. दोन्ही एकत्र लावून पाहा, मात्र फार वेगळ्या दोन पेट्यांचं जुळवणं किचकट असतं, तेव्हा पुन्हा मोजमाप करा. आणि दुकानदाराला ‘किती इंच?’ विचारण्याआधी घरी फूटपट्टी घेऊन खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून न्या. तो आकडा पेटीवर छापलेला नसतो, आणि बास कसा वाजणार हे ठरवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.